सासरचे उपकेंद्र ते माहेरचा दवाखाना : खान्देशातील गरोदरपण आणि टाळता येणारे धोके

खान्देशात पहिले बाळंतपण बहुतेक घरांत माहेरीच होते. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी रावेरहून साक्रीला, शिरपूरहून अमळनेरला किंवा शहाद्याहून थेट सुरतेला निघते. साड्या आणि लाडवांचे डबे सोबत जातात, आणि माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सासरच्या कपाटात राहून जाते. मग माहेरच्या परिचारिकेला तिचा सुरुवातीचा रक्तदाब किती होता, हिमोग्लोबिन कुठून कुठे आले, धनुर्वाताची लस कधी झाली, यांपैकी काहीच कळत नाही. गरोदरपणातले बरेचसे गंभीर धोके हळूहळू वाढत जातात आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहिले तरच ते ओळखू येतात. म्हणून या लेखात आहार, विश्रांती आणि सवयी यांच्याइतकेच महत्त्व तपासण्यांत व औषधांत खंड न पडण्याला दिले आहे.

दिवस जाण्याआधी

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांतच बंद होते, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना पाळी चुकल्याची खात्री पटायच्या आत हे काम संपलेले असते. त्यामुळे फॉलिक अॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरल्यापासून, निदान महिनाभर आधी, रोज सुरू करावी आणि तिसरा महिना संपेपर्यंत घ्यावी. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, किंवा स्त्रीला मधुमेह अथवा फिट्सचा आजार असेल, तर मात्रा वेगळी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. फिट्स, थायरॉइड, रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असल्यास ती घाबरून आपल्या मनाने बंद करू नयेत. काही औषधे बदलावी लागतात, पण तो बदल दिवस जाण्याआधी शांतपणे करता येतो.

कायद्याने लग्नाचे वय 18 असले, तरी विशीच्या आतले बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही जड जाते. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी निदान दोन वर्षांचे अंतर राहू द्यावे, कारण आटलेला लोहाचा साठा भरून यायला वेळ लागतो.

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल या भागांत, आणि विशेषतः भिल्ल व पावरा कुटुंबांत, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी लग्नाच्या किंवा गर्भधारणेच्या आधीच करून घ्यावी. सिकलसेलचा वाहक स्वतः आजारी नसतो, म्हणून त्याला शंकाही येत नाही. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकट्या सुनेची तपासणी करून थांबण्याची पद्धत निरर्थक आहे. तिचा अहवाल वाहक असा आला, तर नवऱ्याने त्याच आठवड्यात रक्त द्यावे. जिला प्रत्यक्ष आजार आहे, तिने भरपूर पाणी पिणे, थंडी आणि अतिश्रम टाळणे, लोहाच्या गोळ्या रक्त तपासल्यानंतरच घेणे आणि बाळंतपण रक्तपेढीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करणे या गोष्टी आधीपासून ठरवून ठेवाव्यात.

पहिले तीन महिने : लपवण्याचा काळ नव्हे

नजर लागेल म्हणून तीन महिने कुणाला सांगायचे नाही, हा रिवाज अजून अनेक घरांत पाळला जातो. शेजाऱ्यांना सांगू नका, पण आशाताईंना जरूर सांगा. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ-ब यांच्या तपासण्या होतात. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून बाळंतपणाची तारीख सर्वांत अचूक निघते, तर अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव पाहतात. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

रक्तगट आर-एच निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल पहिल्याच भेटीत विचारावे. ते साधारणपणे अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत द्यायचे असते. गर्भपात झाला किंवा मध्येच रक्तस्राव झाला तरीही ते लागू शकते, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

मळमळीसाठी उपाय साधेच आहेत. उठल्या उठल्या भाकरीचा कोरडा तुकडा किंवा मुरमुरे खावेत, दिवसात दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळेत घोट घोट प्यावे. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद व कमी होत असेल, तर दवाखाना गाठावा. पोटात एका बाजूला तीव्र दुखून चक्कर येत असेल किंवा रक्त जात असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिल्याची शक्यता असते. अशा वेळी तासाभराचाही उशीर नको.

औषधांच्या दुकानातून डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या परस्पर आणू नयेत. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने चालते, पण आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला बाधू शकतात. मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी पुडी, गोळी किंवा काढा कुणीही, अगदी घरातल्या मोठ्या माणसाने आणून दिला, तरी घेऊ नये. गर्भधारणेच्या क्षणीच लिंग ठरलेले असते, आणि त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते.

मिश्री, चुलीचा धूर आणि फवारणी

बिडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे थोड्या असतील. मिश्री लावणाऱ्या मात्र पुष्कळ आहेत, आणि मिश्रीला तंबाखू मानायला कुणी तयार नसते. दात घासायची भाजलेली पूड एवढेच तिचे रूप डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्षात तीही तंबाखूच आहे. तिचे निकोटिन हिरड्यांतून सरळ रक्तात उतरते, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरायच्या आत जन्माला येण्याचा धोका वाढतो. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी असते, कारण शरीराला सवय लागलेली असते. म्हणून नुसते 'सोडा' म्हणून भागत नाही. मिश्रीच्या वेळी कोमट पाणी प्यावे, साध्या दंतमंजनाने किंवा पेस्टने दात घासावेत, तल्लफ आली की बडीशेप चघळावी, आणि पहिल्या आठवडाभराची चिडचिड होणारच हे घरच्यांनी समजून घ्यावे. सासूबाई रोज शेजारी बसून मिश्री लावत असतील, तर सुनेची सवय सुटणे कठीण आहे. त्यांनीही ती थांबवली तर सुनेला सर्वांत मोठा आधार होईल.

चुलीचा धूर हा दुसरा दुर्लक्षिलेला धोका. पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांचा धूर बंद खोलीत कोंडला की त्यातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करतो, आणि त्याचा परिणाम बाळाच्या वजनावर होतो. घरात गॅस असूनही भाकरी मात्र चुलीवरच, असे कितीतरी घरांत चालते. या नऊ महिन्यांत भाकरी गॅसवर भाजावी. चूलच पेटवायची असेल तर ती अंगणात मांडावी आणि फुंकणी दुसऱ्या कुणी हाती धरावी.

तिसरी गोष्ट कपाशीच्या फवारणीची. गरोदर स्त्री स्वतः पंप पाठीवर घेत नाही, पण औषध कालवण्यासाठी पाणी आणून देणे, डबे विसळणे आणि संध्याकाळी नवऱ्याचे फवारणीचे कपडे हाताने धुणे ही कामे तिच्याच वाट्याला येतात. कीटकनाशक त्वचेतूनही शरीरात जाते. ते कपडे ज्याने फवारणी केली त्यानेच, वेगळ्या बादलीत, घरच्या इतर कपड्यांत न मिसळता धुवावेत. फवारलेल्या शेतात निंदणीला किंवा वेचणीला औषधाच्या डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत गरोदर स्त्रीने जाऊ नये, आणि रिकामा डबा कितीही चांगला असला तरी त्यात पाणी किंवा धान्य भरू नये.

रक्त, भाकरी आणि गोळ्या

हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर गरोदरपणात रक्तक्षय धरला जातो. 7 ते 9.9 मध्यम आणि 7 च्या खाली तीव्र. रक्त कमी असलेल्या आईला बाळंतपणातला थोडासा जास्तीचा रक्तस्रावही झेपत नाही. हा धोका सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत स्वस्तात टाळता येतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक अॅसिडची लाल गोळी रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. ती उपकेंद्रात मोफत मिळते. अडचण बहुधा गोळी मिळण्याची नसतेच. मळमळते, शौचास काळी होते, पोट जड होते म्हणून ती मडक्यामागे पडून राहते. रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, झोपताना घेतली तर मळमळ कमी जाणवते. शौचाचा काळा रंग हा लोहाचाच असतो, त्याने काही बिघडत नाही. चहा मात्र गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर टाळावा, कारण चहातील घटक लोह शोषू देत नाहीत. कॅल्शियमची गोळी, जी दिवसातून दोन वेळा घ्यायची असते, तीही लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये; दोन तासांचे अंतर हवे. सकाळ-दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम आणि रात्री लोह, असा नेम बसवला की गोंधळ होत नाही. जंतांची गोळी तीन महिने उलटल्यावर एकदा दिली जाते. पहिल्या तिमाहीत ती घेऊ नये. महिनाभर नियमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढले नाही, तर डोस वाढवायचा की शिरेतून लोह द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे ही डोहाळ्यांची गंमत म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पुष्कळदा ती लोह कमी असल्याची खूण असते.

ताटाबद्दल बोलायचे तर खान्देशचे जुने जेवण गरोदर स्त्रीला उत्तम मानवते. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी, मठ-चवळीची उसळ, मेथी-पोकळा-शेवग्याच्या पानांची भाजी, शेंगदाणे, तीळ, दही-ताक आणि चालत असल्यास अंडी व मासे, एवढ्यात प्रथिने, लोह आणि कॅल्शियम यांचा चांगला मेळ बसतो. भाकरी-भाजीवर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा, पेरू घेतला की धान्यातले लोह अधिक शोषले जाते. केळी आपल्याकडे मुबलक आहेत, पोट भरतात आणि बद्धकोष्ठतेत उपयोगी पडतात, पण त्यांत लोह फारच थोडे असते, त्यामुळे रक्तवाढीसाठी केळ्यांवर भिस्त ठेवू नये. वांग्याचे भरीत 'उष्ण' म्हणून वर्ज्य करण्याचे कारण नाही. पिकलेली पपई थोडी खाल्ली तर अपाय होत नाही. कच्ची, चीक असलेली पपई मात्र टाळावी. तेलाची तर्री असलेली शेवभाजी, बिबडे, पापड आणि लोणचे ही चवीपुरतीच असावीत, कारण त्यांत मीठ फार असते आणि छातीतली जळजळही वाढते.

कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि बाळंतपण सोपे होते, हा समज घातक आहे. दोघांचे म्हणून दुप्पट खाण्याचीही गरज नसते. चौथ्या महिन्यापासून रोजच्या आहारात साधारण 350 कॅलरींची भर पुरते, म्हणजे एक जास्तीची भाकरी, वाटीभर वरण आणि मूठभर शेंगदाणे. वजन मध्यम असलेल्या स्त्रीचे नऊ महिन्यांत 10 ते 12 किलो वाढावे. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खायची रीत असेल, तर प्रश्न आहाराच्या ज्ञानाचा नाही, पंगतीच्या क्रमाचा आहे. या काळात तिला आधी वाढावे. अनुसूचित क्षेत्रातील गावांत अंगणवाडीत अमृत आहार योजनेचे एक वेळचे ताजे जेवण मिळते. ते तिथेच बसून जेवावे, घरी आणले की त्याचे वाटे पडतात. निर्जळी उपवास करू नयेत, आणि दूध नेहमी उकळूनच प्यावे.

रक्तदाब आणि साखर

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त गेला आणि लघवीत प्रथिने दिसली, तर ती झटके येण्याच्या आधीची पायरी असू शकते, आणि त्या वेळी बाईला बऱ्याचदा काहीच त्रास होत नसतो. म्हणून 'मला बरे वाटतेय' हे तपासणी चुकवण्याचे कारण होऊ शकत नाही. संध्याकाळी पायांवर येणारी थोडी सूज सर्वसाधारण असते. सकाळी उठल्यावर चेहरा आणि हात सुजलेले असतील, बांगड्या घट्ट होत असतील, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजावा. कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे, विशेषतः ज्यांच्या आहारात दूध-दही कमी आहे त्यांच्यात, हा धोका कमी होतो. पूर्वी असा त्रास झालेल्या स्त्रीने पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना तसे सांगावे, कारण कमी मात्रेतील अॅस्पिरिनचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

साखरेची तपासणी उपाशीपोटीच व्हावी लागते असे नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतल्यावर दोन तासांनी रक्तातील साखर 140 किंवा अधिक आली, तर गरोदरपणातील मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि नंतर 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची असते. दुसरी वेळ हमखास चुकते.

काम, ऊन आणि झोप

रोज अर्धा तास चालणे आणि घरातली हलकी कामे चांगलीच. पाण्याचे हंडे, कापसाची ओझी, तासन्‌तास वाकून निंदणी ही कामे शेवटच्या तीन महिन्यांत पूर्ण बंद करावीत. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी दहानंतर शेतात थांबू नये. दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी, शिवाय ताक किंवा लिंबूपाणी पोटात गेले पाहिजे. शेतात आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणे आणि लघवी दाबून ठेवणे यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि तो अवेळी कळा येण्याचे एक कारण ठरू शकतो. लघवीला जळजळ झाली तर घरगुती उपायांवर आठवडा काढू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या गरोदर लेकीने उंच झोका यंदा बहिणींना घेऊ द्यावा. दुपारी दोन तास आडवे होणे आणि सातव्या महिन्यानंतर उताणे न झोपता कुशीवर झोपणे हितकर असते. पावसाळ्यात मच्छरदाणी वापरावी. मलेरिया गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त गंभीर होतो.

माहेरी जाताना

निघण्यापूर्वी सासरच्या उपकेंद्रात एक तपासणी करून घ्यावी आणि कार्डावर सर्व नोंदी पूर्ण आहेत ना हे पाहावे. कार्ड, सोनोग्राफीचे व रक्ताचे अहवाल, आधार आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत, आणि महिनाभर पुरतील इतक्या गोळ्या हाताशी असाव्यात. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून पती आणि आई दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईंकडे नाव द्यावे. पुढच्या महिन्याच्या 9 तारखेची वाट पाहण्याची गरज नाही, परंतु त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तिचा लाभ जरूर घ्यावा. धनुर्वाताच्या लशीच्या दोन मात्रांमध्ये चार आठवड्यांचे अंतर असते, आणि स्थलांतरात चुकते ती बहुधा दुसरी मात्रा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हेच सगळे लागू आहे, फक्त तिथे माहेरासारखी काळजी घेणारे कुणी नसते. शक्य असेल तर सातव्या महिन्यानंतर स्त्रीने गावीच राहावे.

बाळंतपण कुठे करायचे, हे आठव्या महिन्यात ठरलेले असावे. आधीचे सिझेरियन, जुळी, रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, सिकलसेल किंवा आडवे बाळ असेल, तर शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेले ठिकाणच निवडावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. सातपुड्यातील दुर्गम पाड्यांवर, जिथे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद होते, तिथल्या स्त्रीने तारखेच्या आठवडाभर आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे. काही केंद्रांत त्यासाठी माहेरघराची सोय आहे. 102 आणि 108 हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत, आणि तरीही रात्री ज्याची गाडी मागता येईल असा एक शेजारी व जुळत्या गटाचे दोन रक्तदाते आधी विचारून ठेवावेत.

वाट पाहू नये अशी लक्षणे

अंगावरून रक्त जाणे, मग ते दुखत नसले तरी, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणे, बेंबीच्या वर दुखणे, झटका, दिवस भरण्याआधी पाणी जाणे किंवा नियमित कळा, थंडी वाजून ताप, विश्रांतीतही दम लागणे. यांपैकी काहीही झाले तर नवऱ्याची परवानगी, सासऱ्यांचे शेतातून येणे, उद्याचा बाजार या कशासाठीही थांबू नये. बाळाची हालचाल पाचव्या महिन्याच्या सुमारास जाणवू लागते. सातव्या महिन्यानंतर ती रोजच्यापेक्षा कमी वाटली, तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडावे आणि मोजावे. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. शेवटच्या महिन्यात बाळ हलायचे कमी होते, असे बायका सांगतात. ते खरे नाही.

बाळंतपणानंतर

निदान 48 तास रुग्णालयात राहावे, कारण जीवघेणा रक्तस्राव बहुधा पहिल्याच दिवशी होतो आणि रक्तदाब त्यानंतरही काही दिवस वाढू शकतो. बाळाला तासाभरात अंगावर घ्यावे आणि पहिले पिवळसर चिकाचे दूध टाकून देऊ नये. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, भाज्या बंद ठेवायच्या, ही प्रथा सोडून द्यावी. दूध येण्यासाठी तिला गरोदरपणापेक्षाही जास्त अन्न-पाणी लागते. लाल गोळ्या व कॅल्शियम सहा महिने चालू ठेवावे, आणि पुढचे अंतर कसे राखायचे, तांबी की अन्य काही, हे पती-पत्नीने घरी परतण्यापूर्वीच परिचारिकेला विचारून ठरवावे.